चिरेबंदी घरात कॉर्डलेस फोन बसवताना

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की मला ठरलेला फोन येतो. "ओटीवर छान ऐकू येतं हो, माजघरात गेलं की आवाज तुटतो. सेट बदलूनच टाकू का?" मी म्हणतो, थांबा, आधी बघून जातो. जाऊन बघावं तर सेट उत्तम. बेस, म्हणजे फोनची तार जोडलेली सेटची पेटी, मात्र टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून कोंबलेला, आणि माजघराच्या नि त्याच्या मध्ये दीड फूट जाडीची चिऱ्याची भिंत. बेस तिथून उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा, चहा प्यायचा आणि निघायचं. नव्या सेटचे पैसे वाचतात.

दापोली तालुक्यात मी वायरिंगची आणि फोनची कामं करतो. पहिल्यांदाच कॉर्डलेस घेणाऱ्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे ओळीने लिहून ठेवतोय. आपल्याकडची घरं, पाऊस आणि वीज यांचा हिशेब कुठल्याच सेटच्या माहितीपुस्तिकेत नसतो, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी नावांचा गोंधळ

आपल्याकडे 'कॉर्डलेस' म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वस्तू खपतात. टेबलावर ठेवायचा, आत सिम घालायचा फोन दिसायला लँडलाइनसारखा असतो, पण तो मोबाइलच आहे. टॉवर गेला की तोही गेला. खलाटीतल्या वाडीत मोबाइलला जेमतेम एक काडी असेल तर याचा उपयोग तितकाच. दुसरा प्रकार म्हणजे हातभर अँटेना ओढून काढायचा जुना अॅनालॉग सेट. त्यावर शेजारच्यांचं बोलणं फुकट ऐकू यायचं आणि आपलं त्यांना. तो कुणी माळ्यावरून काढून दिला तरी घेऊ नका. तिसरा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डिजिटल सेट. हा वाईट नाही, पण वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात असल्यामुळे तिघांची आपसात धुसफूस चालते.

चौथा म्हणजे डेक्ट. हा लेख त्याच्याबद्दल आहे. यात टॉवर नसतो, किंवा असं म्हणू की टॉवर तुमच्या घरातच असतो. भिंतीतून आलेली फोनची तार बेसला जोडायची आणि बेस ते हँडसेट एवढाच प्रवास हवेतून. म्हणून सिग्नल कसा येईल हे कंपनीपेक्षा तुमच्याच हातात जास्त आहे.

डेक्ट चालतं कसं

डेक्ट हे युरोपियन दूरसंचार मानक संस्थेने, म्हणजे एत्सीने, १९९२ साली प्रसिद्ध केलेलं मानक. ईएन ३०० १७५ हा त्याचा क्रमांक. पूर्ण नाव 'डिजिटल युरोपियन कॉर्डलेस टेलिकम्युनिकेशन्स', म्हणजे नावातला 'ई' मुळात युरोपियनचा होता. पुढे हे तंत्र युरोपाबाहेर पसरलं तेव्हा त्याचा अर्थ बदलून 'एनहान्स्ड' केला.

युरोपात त्याला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि आपल्याकडच्या दुकानात डेक्ट म्हणून मिळतात ते सेटही याच पट्ट्यातले. या वीस मेगाहर्ट्झचे दहा भाग पाडलेले आहेत, म्हणजे दहा वाटा. प्रत्येक वाटेवर वेळेचेही तुकडे आहेत. दहा मिलिसेकंदांची एक फेरी आणि एका फेरीत चोवीस खण. पहिले बारा बेसने बोलायचे, पुढचे बारा हँडसेटने.

दाभोळ-धोपावे फेरीबोट आठवा. खाडी एकच, बोट एकच, आधी इकडची माणसं तिकडे, मग तिकडची इकडे. डेक्टमध्ये जाणं-येणं असं एकाच वाटेवर, आळीपाळीने होतं. फरक इतकाच की ही बोट सेकंदाला शंभर फेऱ्या मारते, त्यामुळे दोघेही एकाच वेळी बोलतोय असं वाटतं. एका संभाषणाला जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन खण लागतात. दहा वाटा गुणिले बारा जोड्या म्हणजे एकशेवीस संभाषणांची जागा झाली. वाडीतल्या दहा घरांत दहा डेक्ट फोन असले तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत ते याच्यामुळे.

कुठली वाट मोकळी आहे हे हँडसेट स्वतः सतत चाचपत असतो. चालू वाटेवर खरखाट वाढला तर तो आधी दुसरी वाट पकडतो आणि मगच पहिली सोडतो. त्यासाठी तुम्हाला कुठलंही बटण दाबावं लागत नाही, चॅनेल निवडावं लागत नाही.

एका खणात आवाजासाठी ३२० बिट मावतात. सेकंदाला शंभर फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३२ हजार बिट. आवाज तेवढ्यात बसवण्यासाठी जी.७२६ नावाची पद्धत वापरतात. त्यातून येणारा आवाज साध्या लँडलाइनच्या तोडीचा असतो. खोक्यावर 'एचडी' किंवा 'कॅट-आयक्यू' असेल तर जी.७२२ पद्धत, आवाज अधिक भरदार. पण त्यासाठी पलीकडची लाइनही तशी लागते. तांब्याच्या जुन्या तारेवर एचडी सेट लावून फरक शोधत बसू नका.

आणि शक्ती? बोलण्याच्या क्षणी २५० मिलिवॅट. पण चोविसातला एकच खण आपला, त्यामुळे सरासरी दहा मिलिवॅटच्या आसपास. मोकळ्या जागेत, समोरासमोर असाल तर तीनशे मीटरपर्यंत आवाज जातो, घरात पन्नास मीटर धरा. हे पन्नास मीटर युरोपातल्या हलक्या भिंतींचे. जांभ्याचे नव्हेत.

याच डेक्टवरून आपल्या देशात एक मोठं काम झालंय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने मिडास या कंपनीबरोबर 'कॉरडेक्ट' बनवलं. खांब आणि तारा न टाकता गावातल्या घरापर्यंत फोन न्यायचा, तोही याच मानकाच्या आधाराने. समोर अडथळा नसेल तर बेसपासून दहा किलोमीटरपर्यंत, मध्ये रिले लावला तर पंचवीसपर्यंत. घरातल्या घरात फिरायचा फोन म्हणून जे जन्मलं ते गावोगाव पोचवायची ही कल्पना मला अजून भारी वाटते. मोबाइल स्वस्त झाले आणि ते सगळं मागे पडलं.

सेट घेताना

खोक्यावर तीन गोष्टी वाचा. पहिली, 'डेक्ट' हा शब्द आणि १.८८ ते १.९० गिगाहर्ट्झ हा आकडा. नुसतं 'डिजिटल कॉर्डलेस' लिहिलं असेल तर तो बहुतेक २.४ वाला निघतो.

दुसरी, 'गॅप' हा शब्द. याचं मानक ईएन ३०० ४४४. गॅप असेल तर एका कंपनीचा हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या बेसवर नोंदवता येतो. पण त्यात हमी फक्त फोन करण्या-घेण्याची. नावांची यादी, इंटरकॉमच्या जादा सोयी, बेसवरचं आन्सरिंग मशीन हे सगळं चालेलच असं नाही. माझ्या आतेभावाने दुबईहून आणलेला हँडसेट मी आमच्या बेसवर चढवला. फोन उत्तम लागतो. नावं मात्र एकाही दिवशी दिसली नाहीत.

तिसरी गोष्ट कॉलर आयडीची. आपल्या एक्स्चेंजांतून नंबर दोन पद्धतींनी येतो, एफएसके आणि डीटीएमएफ. सेटला दोन्ही कळतात असं लिहिलेलं हवं. नाहीतर घंटी वाजते, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि लोक फोन कंपनीला शिव्या घालतात. अर्थात ही सेवा लाइनवर चालू आहे ना, हेही आधी विचारून घ्या.

परदेशातून आलेल्या सेटबद्दल. आखातातला किंवा युरोपातला डेक्ट सेट साधारणपणे आपल्याकडे चालतो. अमेरिकेतला आणू नका. तिकडे 'डेक्ट ६.०' म्हणून विकतात तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइलवाल्यांचा आहे. तुमचा फोन चालेलही कदाचित, पण जवळच्या टॉवरला तुम्ही विनापरवाना त्रास द्याल. ('६.०' ही डेक्टची सहावी आवृत्ती आहे असा समज आहे. तसं काही नाही, ते नुसतं बाजारात ठेवलेलं नाव आहे.) शिवाय तिकडचा अॅडॉप्टर ११०-१२० व्होल्टचा. एकदा मीच चष्मा न लावता तसला अॅडॉप्टर आपल्या २३० मध्ये खोचला. 'फट्' असा आवाज, जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि यजमानांचे अमेरिकेतले चिरंजीव समोर उभे.

हँडसेट किती? बेसवर साधारण पाच-सहा नोंदवता येतात. घरात म्हातारी माणसं असतील तर एक त्यांच्या उशाशी, एक स्वयंपाकघरात. होमस्टे असेल तर एक बाहेरच्या खोल्यांकडे. लाइन एकच असल्याने बाहेरचा फोन एका वेळी एकच. इंटरकॉम मात्र लाइन बंद असली तरी बेसला वीज असेपर्यंत चालतो. "तीन नंबरला दोन थाळ्या" हे ओरडून सांगायची गरज उरत नाही.

बेस कुठे ठेवायचा

इथे घाई करू नका. बाकी सगळं तासाभरात होतं, ही एक गोष्ट पुढची दहा वर्षं भोगावी लागते.

डेक्टची लहर साधारण सोळा सेंटीमीटर लांबीची. तिला लाकूड, कौलं, विटेची पातळ भिंत यांचं फार वावडं नाही. तिला अडवतं ते लोखंड आणि पाणी. आता आपलं घर बघा. गोदरेजचं कपाट, पत्र्याची शेड, फ्रीज, स्लॅबमधल्या सळ्या. आणि पाणी? माळ्यावरची टाकी तर आहेच, पण जांभ्याचा चिरा पावसाळाभर पाणी पितो. उन्हाळ्यात आरपार जाणारा सिग्नल श्रावणात त्याच भिंतीत अडकतो. म्हणून चाचणी मे महिन्यात केली असेल तर हातचं राखूनच जागा ठरवा. उन्हाळ्यात जिथे 'जेमतेम' येतंय तिथे पावसात येणार नाही असं धरा.

लोक म्हणतात, पावसाने सिग्नल जातो. पडणाऱ्या पावसाचा या लहरींवर जवळजवळ काही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो ओल्या भिंतींचा आणि ओल्या पानांचा. आगरात बोलायचं असेल तर लक्षात ठेवा की माड म्हणजे पाण्याने भरलेला उभा खांब. सुपारीच्या दाट रांगांमधून चाळीस मीटर नेणं मोकळ्या खळ्यातून शंभर मीटर नेण्यापेक्षा अवघड.

चाचणी कशी करायची ते गेल्या वर्षीच्या एका कामावरून सांगतो. जुनं चौपाखी घर. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, डाव्या हाताला स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि वीस पावलांवर गोठा. फोनची तार ओटीवर येते म्हणून बेस ओटीवरच्या खिडकीत. मी बेसपाशी साध्या फोनवर नव्हे, दुसऱ्या हँडसेटवर इंटरकॉम धरून बसलो. घरच्या वैनींना सांगितलं, हँडसेट कानाला लावा, मोठ्याने आकडे मोजत मागच्या दारापर्यंत चाला, धावू नका.

"एक, दोन, तीन..." माजघराच्या उंबऱ्यापर्यंत खणखणीत. "चौदा, पंधरा..." चुलीपाशी एकोणीस ऐकलाच नाही, वीसचा नुसता 'वी'. न्हाणीच्या दारात बीप बीप आणि गप्प. डेक्टचं तुटणं असंच असतं, खरखर होत नाही, शब्द कापले जातात. दहा मिलिसेकंदांच्या फेरीतले आपले खण गळायला लागले की आधी अक्षरं खातं, मग शब्द, मग सगळं बंद.

मग वीस फूट तार ओढून बेस माजघरात आणला. माजघराच्या आतल्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या वर, छातीपेक्षा उंच. आता तिथून ओटीकडे दार उघडं, स्वयंपाकघराकडे दार उघडं. पुन्हा मोजणी. वैनी गोठ्यात पोचल्या, पंचावन्न मोजून झाले, म्हैस मध्येच हंबरली तेही ऐकू आलं.

यातून घ्यायचं ते एवढंच. बेस घराच्या मध्याकडे सरकवा, उंच ठेवा, आणि त्याच्याकडून बघताना शक्य तितकी दारं 'दिसतील' अशी जागा निवडा. भिंतीतून जाण्यापेक्षा तो दारातून जाणं पसंत करतो. कपाट, फ्रीज, आरसा यांच्यापासून हातभर लांब. एखाद्याच कोपऱ्यात तुटत असेल तर जागा बदलण्याआधी बेस नुसता वीतभर डावी-उजवीकडे सरकवून बघा. सोळा सेंटीमीटरच्या लहरीला वीतभर म्हणजे पुष्कळ झालं. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना जिथे खातात त्या जागा तेवढ्यानेही हलतात.

सेटमध्ये 'इको मोड' असेल तर जाड भिंतींच्या घरात तो बंद ठेवा. तो वीज आणि शक्ती वाचवतो खरा, पण आपल्याला नेमकी तीच शक्ती हवी असते.

एवढं करूनही मागच्या मांगरापर्यंत पोचत नसेल तर रिपीटर मिळतो. तो त्याच कंपनीचा घ्या, यात गॅपवर विसंबू नका. आणि तो आवाज जिथे तुटतो तिथे लावू नका, जिथे अजून चांगला येतोय अशा अर्ध्या वाटेवर लावा. ही चूक मी दर वर्षी दोनदा तरी दुरुस्त करतो. दोन-तीन इमारतींचं मोठं रिसॉर्ट असेल तर इंटरनेटच्या तारेवर चालणारे अनेक बेसांचे आयपी-डेक्ट संच येतात. ते काम जाणकाराकडून करून घ्या.

जोडणी

पहिली बॅटरी. बहुतेक सेटमध्ये पेन्सिल सेलच्या आकाराच्या दोन रिचार्जेबल सेल असतात, निकेल मेटल हायड्राइड, प्रत्येकी १.२ व्होल्ट. पुढे त्या मरतील तेव्हा वाण्याकडचे घड्याळातले सेल घालू नका. ते चार्ज करायचे नसतात, चार्जवर ठेवले की फुगतात, गळतात. नवा सेट पहिल्यांदा पुस्तिकेत लिहिलंय तितके तास पूर्ण चार्ज करा. बोलायची घाई प्रत्येकाला असते, तरीही.

दुसरी लाइन. तांब्याची लाइन असेल तर भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे बाहेरची तार जिथे येते त्या डबीतून, आलेली छोटी पिन थेट बेसला. त्याच तारेवर जुनं ब्रॉडबँड असेल तर मध्ये फिल्टर लागतो, नाहीतर बोलताना सूं आवाज येत राहतो. आता बहुतेकांकडे फायबर आलंय. मग भिंतीतल्या जुन्या रोझेटमध्ये काहीच नसतं. फायबरच्या पेटीवर 'फोन' असं लिहिलेलं भोक असतं, बेसची पिन त्यात. फायबर घेऊनही पिन जुन्या रोझेटलाच ठेवून "फोन मेला" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

रोझेट उघडायची वेळ आली तर घंटी वाजत असताना उघडू नका. एरवी त्या तारेवर ४८ व्होल्ट असतात, घंटीच्या वेळी बरेच जास्त. मारत नाही, पण शिडीवरून पाडतो.

तिसरी नोंदणी. खोक्यात बेसबरोबर आलेला हँडसेट आधीच नोंदलेला असतो. जादा हँडसेटसाठी बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण काही सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागतो किंवा बीप येते. मग हँडसेटच्या मेन्यूत 'रजिस्टर'. पिन मागितली तर बहुतेक ठिकाणी ०००० असते. प्रत्येक हँडसेटला आणि बेसला कारखान्यातूनच वेगळी ओळख दिलेली असते. नोंदणी म्हणजे दोघांनी एकमेकांची ओळख लिहून ठेवणं. म्हणून शेजारच्याचा हँडसेट तुमच्या बेसवर आपोआप चालत नाही.

काम झालं की ती ०००० बदला. आणि लगेच, आठवतंय तोवर, नवी पिन दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवा.

कोणी ऐकतं का?

जुन्या अॅनालॉगसारखं रेडिओवर सहज ऐकू येत नाही. डेक्टमध्ये आवाज कूटबद्ध करायची सोय पहिल्यापासून आहे. पण २००८ साली युरोपातल्या काही संशोधकांनी दाखवून दिलं की जुनी पद्धत कच्ची आहे, आणि काही सेट तर कूटबद्धच करत नाहीत. त्यानंतर मानकात एईएस-१२८ वर आधारलेली नवी पद्धत आली. घरगुती गप्पांसाठी घाबरायचं कारण नाही. आंबा पेटीचा भाव ऐकायला कुणी उपकरण घेऊन कुंपणापाशी बसणार नाही. बँकेचा ओटीपी मात्र कुठल्याही फोनवर सांगायचा नसतो.

वीज गेली की

नवख्याला न सांगितलेली गोष्ट ही. साधा तारेचा फोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या विजेवर चालतो, घरात अंधार असला तरी. कॉर्डलेसच्या बेसला घरची वीज लागते. वीज गेली की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही फोन ठप्प. फायबर असेल तर फायबरची पेटीसुद्धा बंद.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्या भागात कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत कॉर्डलेस म्हणजे शोभेची वस्तू. तेव्हापासून मी बेसचा पॉइंट इन्व्हर्टरवरच देतो. बेसचा अॅडॉप्टर साधारण साडेसहा व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा, म्हणजे तीन वॅटच्या आसपास. पंख्याच्या मानाने काहीच नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळतात ते छोटे डीसी यूपीएस चालतात, फक्त त्यांचा व्होल्ट आणि पिन बेसशी जुळते का ते बघून घ्या. बारा व्होल्ट साडेसहाच्या बेसला दिले तर पुन्हा 'फट्'.

आणि तांब्याची लाइन असेल तर एक जुना तारेचा फोन टाकून देऊ नका. वीज गेल्यावरही तो बोलतो. बिघाड शोधायलाही तोच लागतो, ते पुढे येतंच.

विजा

मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा होतात ते सांगायला नको. वीज खांबावर किंवा तारेवर पडली की ती दोन वाटांनी बेसपर्यंत येते. एक प्लगमधून, एक फोनच्या तारेतून. लोक प्लग काढतात, तार विसरतात. दोन्ही काढा. गडगडाट सुरू व्हायच्या आधी काढा, डोक्यावर कडाडायला लागल्यावर हात लावू नका. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबरच्या पेटीचा प्लग असतोच, आणि बाहेरून येणाऱ्या केबलला ताणासाठी लोखंडी तार असू शकते.

माणसाच्या दृष्टीने बघितलं तर विजा होत असताना तारेचा फोन कानाला लावणं धोक्याचं, कॉर्डलेसला तो धोका नाही, कारण कानापर्यंत तार येतच नाही. तरी बेस जळाल्यावर बोलणार कशावर?

आगोटीच्या कामांत फोन

पापड-मिठाची बेगमी करता तेव्हा पाच मिनिटं बेसलाही द्या. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात. हँडसेट रात्रभर बेसवर असतो, सकाळी बॅटरी रिकामी. लोक बॅटरी बदलतात, रोग पट्टीवर असतो. शाळेतला खोडरबर हलक्या हाताने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघाला की पुढच्या पावसात पट्टी गंजलीच. बेसला ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायची एक पद्धत आहे. आत घाम धरतो आणि बेस लवकर खलास होतो. गळक्या कौलाखालून हलवा, एवढं पुरे.

बिघडलं तर

फोन उचलून आधी कान द्या. खरखर, सूं सूं असा आवाज येतोय की शब्द तुटतायत? खरखर असेल तर बेसची पिन काढून तिथे तारेचा फोन लावा. त्यातही खरखर असेल तर दोष लाइनचा, बहुतेक बाहेर कुठल्यातरी सांध्यात पाणी गेलेलं असतं. तक्रार तिकडे नोंदवा. शब्द तुटत असतील तर दोष हवेतल्या वाटेचा, म्हणजे बेसच्या जागेचा. वैनींची मोजणी पुन्हा करा.

हँडसेटवर 'सर्चिंग' किंवा अँटेनाचं चिन्ह लुकलुकत असेल तर बेसला वीज आहे का बघा, मग दोन पावलं बेसच्या जवळ जा, मग नोंदणी पुन्हा करा. याच क्रमाने. नोंदणीपासून सुरुवात करणारे अर्धा तास घालवतात आणि शेवटी प्लग ढिला निघतो.

सगळं ठीक असून फोन मेलेलाच असेल तर रोझेटचं झाकण उघडा. गेल्या सप्टेंबरमध्ये एका घरी उघडलं तर आत लाल मुंग्यांनी अंडी घातलेली, आणि दोन स्क्रूंच्या मध्ये एक वाळलेली पाल अशी आडवी पडलेली की लाइन तिच्यातूनच शॉर्ट. ब्रशने झाडलं, स्क्रू आवळले, झाकणाच्या भोकात थोडा एमसील भरला. डायल टोन आला.